लिनक्सवर लिहिलेला सी प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकवर नेताना आलेल्या अडचणी

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी सी भाषेत लिहिलेला ग्रंथसूचीचा एक प्रोग्रॅम मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. मी व्यवसायाने प्रोग्रॅमर नाही. शाळेत गणित शिकवतो आणि महाविद्यालयात असल्यापासून सी भाषा आवडीने लिहीत आलो आहे. प्रोग्रॅमची रचना साधी आहे. प्रत्येक कपाटासाठी एक मजकूर-फाइल असते, तिच्या प्रत्येक ओळीत एका ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि दाखल क्रमांक असतो, आणि या सर्व फाइली वाचून प्रोग्रॅम एक अनुक्रमणिका-फाइल तयार करतो, म्हणजे शोध घेताना दर वेळी सगळ्या ओळी चाळाव्या लागत नाहीत. फाइलींची नावे आणि आतील मजकूर दोन्ही मराठीत, युटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत आहेत. वाचनालयातील ६४ बिटांच्या लिनक्स संगणकावर हे सारे आजवर विनातक्रार चालले.

अलीकडे शेजारच्या दोन वाचनालयांनी हा प्रोग्रॅम मागितला. एकाकडे विंडोज आहे, तर दुसऱ्याकडे एका वाचकाने देणगी म्हणून दिलेला जुना मॅक. किरकोळ दुरुस्त्या केल्यावर दोन्हीकडे प्रोग्रॅम कंपाइल झाला, तेव्हा काम संपले असे मी समजलो. खऱ्या अडचणी त्यानंतर सुरू झाल्या.

विंडोजवर मराठी नावाची एकही फाइल उघडत नाही. फोल्डरमधील नावे वाचून छापली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि प्रोग्रॅमने स्वतः मराठी नावाची नवी फाइल तयार केली तर तिच्या नावात रोमन अक्षरे आणि जपानी येनची चिन्हे दिसतात. तात्पुरता उपाय म्हणून फाइलींना रोमन नावे देऊन पुढे गेलो, तर लिनक्सवर तयार केलेली अनुक्रमणिका विंडोजवर उघडताच पहिल्या नोंदीपासूनच निरर्थक आकडे मिळाले. ती टाकून विंडोजवरच नवी अनुक्रमणिका तयार केली, तेव्हा पहिल्या पंचवीस नोंदी अचूक आल्या आणि त्यापुढे, फाइल संपलेली नसतानाही, वाचन थांबले. शिवाय सूचीत बदल करून जतन करण्याची क्रिया पहिल्या वेळी यशस्वी होते आणि दुसऱ्या वेळेपासून नाव बदलण्याच्या पायरीवर अपयशी ठरते. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठी तयार केलेल्या प्रतीत, तर मोकळी जागा ओळखण्यासाठी वापरलेल्या इझस्पेस या फंक्शनच्या आतच प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो.

मॅकवरची अडचण एकच आहे, पण तिने मला सर्वांत जास्त कोड्यात टाकले आहे. पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या कपाटाच्या याद्या सापडतात; ‘दुसऱ्या कपाटाची यादी’ आणि ‘तिसऱ्या कपाटाची यादी’ या दोन फाइली फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत असूनही प्रोग्रॅमला सापडत नाहीत. नावांची तुलना मी स्ट्रकंपने करतो.

अनुक्रमणिकेतील नोंदीचे स्ट्रक्चर असे आहे: लाँग प्रकारचा दाखल क्रमांक, लाँग प्रकारचे मजकूर-फाइलीतील स्थान, कॅर प्रकारचा कपाट क्रमांक आणि इंट प्रकारचे प्रकाशनवर्ष. ते मी एफराइटने जसेच्या तसे लिहितो आणि एफरीडने वाचतो. दुरुस्त्या करता करता प्रोग्रॅमभर इफडेफच्या, म्हणजे कोडचा कोणता भाग कंपाइल करायचा ते ठरवणाऱ्या, इतक्या अटी झाल्या आहेत की माझा मलाच प्रवाह समजेनासा झाला आहे. अशा कामाची शिस्तशीर पद्धत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

अनुक्रमणिकेसंबंधी ज्या दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या आहेत, त्या एकाच दोषाची दोन रूपे वाटली तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करतो.

पहिले कारण लाँग या प्रकाराच्या लांबीत आहे. सी भाषेचे मानक लाँग किमान ३२ बिटांचा असावा एवढीच हमी देते. नेमकी लांबी ठरवण्याची मोकळीक प्रत्येक व्यासपीठाला आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ८ बाइटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तो ४ बाइटांचाच ठेवलेला आहे, कारण लाँग म्हणजे ३२ बिट असे गृहीत धरून लिहिलेला प्रचंड जुना कोड तेथे मोडू द्यायचा नव्हता. आता तुमच्या स्ट्रक्चरची बेरीज करून पाहा. लिनक्सवर ८ अधिक ८, त्यानंतर कॅरचा १ बाइट, इंट चारच्या पटीत सुरू व्हावा म्हणून कंपायलरने मध्ये सोडलेले ३ रिकामे बाइट, आणि इंटचे ४, असे एकूण २४ बाइट होतात. विंडोजवर तीच बेरीज ४ अधिक ४ अधिक १ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १६ येते. लिनक्सने २४ बाइटांच्या पावलांनी लिहिलेली फाइल विंडोज १६ बाइटांच्या पावलांनी वाचत असल्यामुळे पहिल्या नोंदीपासूनच आकडे निरर्थक येणे क्रमप्राप्त आहे.

पंचवीस नोंदींनंतर वाचन थांबते, त्याचे कारण निराळे आहे. तुम्ही फाइल उघडताना एफओपनला ‘बी’ हे अक्षर दिले नसणार. लिनक्सवर त्या अक्षराने काहीच फरक पडत नाही, म्हणून ते विसरले तरी कधी लक्षात येत नाही. विंडोजवर मात्र ‘बी’ नसेल तर फाइल मजकूर म्हणून उघडली जाते: लिहिताना १० मूल्याच्या प्रत्येक बाइटाआधी १३ मूल्याचा बाइट घातला जातो, वाचताना ती जोडी पुन्हा एक केली जाते, आणि २६ मूल्याचा बाइट भेटला की फाइल संपली असे मानले जाते. ही शेवटची प्रथा सीपी/एम आणि डॉसच्या काळापासून चालत आली आहे. तुमच्या सव्विसाव्या नोंदीचा दाखल क्रमांक २६ असणार, आणि वाचन नेमके त्याच बाइटापाशी थांबते. दहाव्या नोंदीत शिरलेला जादा बाइट वाचताना पुन्हा गळून गेल्यामुळे तुम्हाला जाणवला नाही, एवढेच. पीएनजी या चित्रप्रकाराच्या रचनाकारांना हा धोका चांगला ठाऊक होता. प्रत्येक पीएनजी फाइलीच्या पहिल्या आठ बाइटांच्या खुणेत १३, १०, २६, १० हे चार बाइट मुद्दाम ठेवलेले आहेत, म्हणजे वाटेत कोणी फाइलीला मजकुरासारखे वागवले असेल तर खूण बिघडते आणि दोष सुरुवातीलाच पकडला जातो.

फाइल ‘आरबी’ आणि ‘डब्ल्यूबी’ अशी उघडल्याने दुसरी अडचण सुटेल. पहिलीसाठी मात्र माझा स्पष्ट सल्ला असा आहे की स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलीत लिहिणे कायमचे सोडून द्यावे. लाँगच्या जागी ठरावीक लांबीचे प्रकार घातले आणि कंपायलरला रिकामे बाइट गाळण्याची सूचना दिली की भागते, असे पुष्कळ जण सांगतात. त्याने तात्पुरते भागतेही. पण ती सूचना मानकाचा भाग नाही, ती प्रत्येक कंपायलरला आपापल्या पद्धतीने द्यावी लागते, आणि बाइटांच्या क्रमाचा (मोठ्या आकड्याचा कोणता बाइट आधी ठेवायचा) प्रश्न तिने सुटतच नाही. त्याऐवजी फाइलीची रचना कागदावर बाइटांच्या भाषेत लिहून काढा: दाखल क्रमांक ४ बाइट, स्थान ४ बाइट, कपाट १ बाइट, वर्ष २ बाइट, सर्व आकडे बिनचिन्हाचे, लहान बाइट आधी. एक नोंद अकरा बाइटांची होईल. मग ३२ बिटांचा आकडा घेऊन तो आठ-आठ बिटांनी उजवीकडे सरकवत एकेक बाइट लिहिणारे एक छोटे फंक्शन आणि त्याच क्रमाने बाइट जोडून आकडा परत देणारे दुसरे फंक्शन लिहा. सरकवण्याची क्रिया आकड्याच्या मूल्यावर चालते, तो स्मृतीत कसा मांडला आहे यावर नाही, म्हणून ही दोन फंक्शने कोणत्याही यंत्रावर एकच उत्तर देतात. फाइलीच्या आरंभी चार बाइटांची ओळखखूण आणि रचनेचा आवृत्ती क्रमांकही ठेवा. पुढे एखादा रकाना वाढवावा लागला की त्याचे महत्त्व कळेल.

प्रोग्रॅमच्या आत जेथे आकड्याची लांबी महत्त्वाची आहे तेथे सी९९ पासून मानकात आलेले यूइंट३२-टी, इंट६४-टी असे प्रकार वापरावेत, आणि ते छापण्यासाठी इंटटाइप्स या हेडरमधील मॅक्रो वापरावेत, कारण इंट६४-टी म्हणजे लिनक्सवर लाँग तर मॅकवर आणि विंडोजवर लाँग लाँग असतो. साध्या गणकासाठी इंट पुरेसा आहे. सर्वच ठिकाणी लांबी बांधून घातल्याने कोड वाचायला जड होतो.

जाता जाता एक सूचना. मजकूर-फाइलीही ‘आरबी’नेच उघडा आणि ओळीच्या शेवटी १३ मूल्याचा बाइट आढळल्यास तो स्वतः काढून टाका, कारण तुम्ही फाइलीतील स्थान नोंदवून ठेवता आणि मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलीत एफटेलने दिलेल्या आकड्यावर विंडोजमध्ये बाइटांचा हिशेब करता येत नाही. तसेच पहिल्या ओळीच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतील तर ते वगळा. विंडोजचे जुने नोटपॅड युटीएफ-८ फाइल जतन करताना ते घालत असे, आणि त्यांच्यामुळे यादीतील फक्त पहिलाच ग्रंथ शोधात सापडत नाही.

उत्तर २

मी मराठी मजकुरावर काम करणारी साधने लिहिते, त्यामुळे फाइलींच्या नावांचा भाग माझ्या नित्याच्या अनुभवातला आहे. तुमचे दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाटाचे कोडे वाचताच उत्तर डोळ्यांसमोर आले, म्हणून तेथूनच आरंभ करते.

‘पहिल्या’, ‘चौथ्या’ आणि ‘पाचव्या’ या शब्दांत नसलेले पण ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ यांत असलेले अक्षर म्हणजे ‘ऱ’. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध ‘ऱ’ म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्यानंतर नुक्ता अशा दोन चिन्हांनी. युनिकोडच्या नियमानुसार ही दोन रूपे समतुल्य आहेत आणि पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु युटीएफ-८ मध्ये पहिले रूप ३ बाइट घेते आणि दुसरे ६. तुमच्या कळफलकाने एकसंध रूप लिहिले. जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था मात्र फाइलीचे नाव साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवते, म्हणून फोल्डर वाचल्यावर ‘दुसऱ्या’ हा शब्द २१ ऐवजी २४ बाइटांचा होऊन परत येतो, आणि बाइट ताडून पाहणाऱ्या स्ट्रकंपला तो वेगळा वाटतो. तुम्ही तेच नाव थेट एफओपनला दिले असते तर फाइल उघडली असती, कारण शोधताना ती फाइलव्यवस्था दिलेले नावही त्याच पद्धतीने फोडून पाहते. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस ही व्यवस्था नाव जसे दिले तसे जपते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सवरील सर्वसाधारण फाइलव्यवस्था यांपैकी काहीच करीत नाहीत. त्यांच्या लेखी ही दोन नावे म्हणजे दोन स्वतंत्र फाइली. म्हणून नावांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच रूपात आणणे हाच खात्रीचा मार्ग आहे. त्यासाठी युटीएफ८प्रॉक ही सी भाषेतील आटोपशीर लायब्ररी उपयोगी पडते. सर्व नावे एनएफसी रूपात, म्हणजे जोडलेल्या अक्षरांच्या रूपात, आणून मगच ताडून पाहा.

विंडोजवरील नावांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे एफओपनला दिलेले नाव युटीएफ-८ समजले जात नाही, तर त्या संगणकाच्या चालू कोडपानानुसार, म्हणजे बाइट आणि अक्षरे यांची जोडी ठरवणाऱ्या तक्त्यानुसार, वाचले जाते, आणि हे कोडपान बहुधा १२५२ क्रमांकाचे, पश्चिम युरोपीय भाषांचे असते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असून त्यांतील दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. १२५२ मध्ये १६५ हे येनचे चिन्ह आहे, आणि हलन्तासह बऱ्याच मात्रा १६५च्याच गटात येतात, त्यामुळे तुमच्या फाइलीच्या नावात ते चिन्ह पुन्हा पुन्हा दिसले. उलट दिशेने, फोल्डर वाचताना, देवनागरी अक्षरांना त्या कोडपानात जागाच नसल्यामुळे विंडोज त्यांच्या ठिकाणी प्रश्नचिन्हे ठेवते. संगणकाची भाषा मराठी निवडूनही हा प्रश्न जुन्या पद्धतीने सुटणारा नव्हता, कारण मराठी आणि हिंदीसाठी विंडोजने असे कोडपान कधी दिलेच नाही. या भाषा तेथे आरंभापासून केवळ युनिकोडमार्गे आल्या.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला असा की प्रोग्रॅमच्या आत सर्वत्र युटीएफ-८ ठेवायचे आणि विंडोजच्या उंबरठ्यावर पोहोचल्यावर मल्टिबाइटटूवाइडकॅर या फंक्शनने नावाचे युटीएफ-१६ मध्ये रूपांतर करून एफओपनऐवजी त्याचा रुंद अक्षरांचा प्रकार, म्हणजे डब्ल्यूएफओपन, वापरायचा. दुसरा मार्ग विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून उपलब्ध झाला: प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकात, चालू कोडपान युटीएफ-८ असल्याचे जाहीर केले की साधा एफओपनही मराठी नावे समजू लागतो. दुसरा मार्ग कमी कष्टाचा आहे हे खरे, परंतु लहान वाचनालयांतील जुने संगणक लक्षात घेता मी तुम्हाला पहिलाच सुचवीन. मेन या फंक्शनला मिळणारे शब्द आणि पडद्यावर छापला जाणारा मजकूर यांनाही हाच नियम लागू आहे. छपाईसाठी प्रोग्रॅमच्या आरंभी कन्सोलचे कोडपान ६५००१ करावे.

इझस्पेसविषयी थोडेसे. त्या फंक्शनला ईओएफ (फाइल संपल्याची खूण) किंवा बिनचिन्हाच्या कॅरमध्ये मावणारेच मूल्य देता येते. तुमच्या विंडोज संगणकावर कॅर सचिन्ह असल्यामुळे देवनागरीचा प्रत्येक बाइट ऋण होतो आणि डीबग बिल्ड ते पकडते. लिनक्सवर दोष तोच आहे, फक्त तो बोलत नाही. अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून मूल्य दिल्यास ही चूक टळेल, परंतु मराठी मजकुरासाठी ही फंक्शने वापरूच नयेत असे माझे मत आहे. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी, बदलले तर १६० मूल्याचा बाइट मोकळी जागा मानला जाऊ शकतो, आणि ‘ठ’ या अक्षराचा शेवटचा बाइट नेमका १६० आहे. ‘पाठ’, ‘मराठी’, ‘विठ्ठल’ असे शब्द मधूनच तुटलेले दिसले की कारण शोधण्यात दिवस जातात. स्पेस, टॅब आणि ओळीचा शेवट एवढेच ओळखणारे आपले स्वतःचे दोन ओळींचे फंक्शन लिहावे.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी पूर्ण सहमत आहे. इफडेफचा गुंता आणि जतन करण्यातील अपयश या दोन बाबी राहिल्या आहेत.

आधी दुसरी. एखाद्या नावाची फाइल आधीच असेल तर रीनेमने काय करावे, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेले नाही. यूनिक्ससदृश प्रणालींसाठीचे पॉझिक्स मानक म्हणते की जुनी फाइल बदलली जावी, तीही अशी की मधल्या कोणत्याही क्षणी पाहिले तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक पूर्ण फाइल दिसेल. विंडोजवर मात्र रीनेम अशा वेळी नकार देते, म्हणून पहिल्यांदा तुमचे काम झाले आणि नंतर अडले. यावर जुनी फाइल आधी पुसून मग नाव बदलण्याचा मोह होईल. तसे कृपया करू नका. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली तर वाचनालयाची सूची हातची जाईल, आणि आपल्याकडे वीज जाणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. विंडोजचे मूव्हफाइलएक्स हे फंक्शन ‘असलेली फाइल बदल’ या सूचनेसह वापरा, त्यातही रुंद अक्षरांचा प्रकार, आणि ते बोलावण्यापूर्वी दोन्ही फाइली बंद केल्याची खात्री करा, कारण प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली फाइल लिनक्स निमूटपणे बदलू देते, तर विंडोज सहसा देत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ऑपरेटिंग सिस्टिमशी खरोखर संबंध येतो अशा जागा किती आहेत, ते मोजून पाहा. तुमच्या वर्णनावरून मला चारच दिसतात: मराठी नावाची फाइल उघडणे, फोल्डरमधील नावे वाचणे, एका फाइलीच्या जागी दुसरी आणणे, आणि कन्सोल सज्ज करणे. या चार कामांसाठी चार फंक्शने ठरवा, त्यांची घोषणा एका हेडर फाइलीत करा, आणि त्या हेडरमध्ये केवळ मानक सी भाषेचे प्रकार येऊ द्या. विंडोजचे हेडर तेथे आणले की त्यातील मिन आणि मॅक्ससारखे मॅक्रो सगळ्या प्रोग्रॅममध्ये पसरतात. मग ही चार फंक्शने दोन स्वतंत्र फाइलींत लिहा. एक पॉझिक्ससाठी, जी लिनक्स आणि मॅक दोघांना चालेल, आणि एक विंडोजसाठी. कोणती फाइल घ्यायची ते सीमेक या बिल्ड-साधनाने बिल्डच्या वेळी ठरवावे. उरलेल्या प्रोग्रॅममध्ये एकही इफडेफ राहणार नाही, आणि ग्रंथ शोधण्याचा भाग वाचताना तो कोणत्या यंत्रावर चालणार आहे याचा विचारच मनात यावा लागणार नाही.

ही मांडणी मोठमोठ्या प्रोग्रॅमांतही टिकलेली आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये फाइलींशी येणारा सारा संबंध व्हीएफएस नावाच्या एका थरात आहे, आणि यूनिक्ससाठी एक व विंडोजसाठी एक अशा त्याच्या दोन मुख्य फाइली आहेत. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात विंडोजची समजूत घालणारा कोड ‘कंपॅट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी १९७७ च्या सुमारास यूनिक्स पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या अगदी निराळ्या यंत्रावर नेले, तेव्हाही यंत्राशी बांधलेला भाग वेगळा काढणे आणि उरलेला सी कोड गृहीतकांपासून मोकळा करणे असेच त्या कामाचे स्वरूप होते. संशयास्पद सी कोड दाखवून देणारे लिंट हे साधन जॉन्सन यांचेच आहे. त्या दोन यंत्रांचा बाइटांचा क्रम उलट होता. सोळा बिटांच्या घरात दोन-दोन अक्षरे ठेवून लिहिलेला ‘यूनिक्स’ हा शब्द तसा उलटला की ‘नक्सी’ असा वाचला जातो, आणि बाइटक्रमाच्या या प्रश्नाला आजही तेच नाव आहे. पहिल्या उत्तरात बाइट सरकवून लिहिण्याचा जो उपाय सांगितला आहे, तो याच प्रश्नावरचा आहे.

जेथे अट टाळताच येत नाही, तेथे एवढे लक्षात ठेवा की विंडोज ओळखण्याचा ‘विन३२’ हा मॅक्रो ६४ बिटांच्या विंडोजवरही उपलब्ध असतो, आणि यूनिक्स ओळखण्याचा ‘यूनिक्स’ हा मॅक्रो मॅकवर मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये चल लांबीचे अ‍ॅरे नाहीत, आणि सी११ पासून मानकानेही ते ऐच्छिक केले आहेत, म्हणून ते वापरू नका.

चाचणीचा बराचसा भाग तुमच्या लिनक्स संगणकावरच होऊ शकतो. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांनी, सर्व इशारे चालू करून, मानक म्हणून सी११ निवडून बिल्ड करा. तसे केल्यावर रीडडिरसारखी पॉझिक्सची फंक्शने वापरणाऱ्या फाइलीच्या अगदी आरंभी, कोणतेही हेडर घेण्यापूर्वी, पॉझिक्स-सी-सोर्स हा मॅक्रो २००८०९ या मूल्याने जाहीर करावा लागेल. एकदा कॅर बिनचिन्हाचा मानण्याची सूचना देऊन तीच चाचणी पुन्हा चालवा. रास्पबेरी पायसारख्या एआरएम यंत्रावरील लिनक्समध्ये तो तसाच असतो, आणि गेटकॅरचे उत्तर कॅरमध्ये साठवून ईओएफशी ताडणारे लूप तेथे कधीच थांबत नाही. ते उत्तर नेहमी इंटमध्येच घ्यावे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर ही प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी साधने लावून चालवलेली एक फेरी आठवडाभराचा शोध वाचवते. मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ या कंपायलरने लिनक्सवरूनच विंडोजचा प्रोग्रॅम तयार होतो आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमध्ये तो ढोबळमानाने तपासता येतो, परंतु फाइलींची नावे आणि रीनेम या बाबी प्रत्यक्ष विंडोजवर पाहिल्याशिवाय कोणालाही प्रोग्रॅम देऊ नये.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही सांगितल्याप्रमाणे सर्व बदल केले. अनुक्रमणिका आता अकरा बाइटांच्या नोंदींची आहे, आणि लिनक्सवर तयार केलेली फाइल व विंडोजवर तयार केलेली फाइल एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा त्या शेवटच्या बाइटापर्यंत तंतोतंत जुळल्या. तो क्षण माझ्यासाठी फार समाधानाचा होता. पूर्वी बेचाळीस ठिकाणी असलेले इफडेफ आता एकाही ठिकाणी नाही. जुन्या मॅकवर दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाटाच्या याद्या सापडतात.

एक नवी गोष्ट मात्र आढळली. ‘कादंबऱ्या’ हा शब्द शोधला असता विंडोजवर टंकलेल्या काही नोंदी, सर्व मजकूर एनएफसी रूपात आणल्यानंतरही, सापडत नाहीत. पडद्यावर शब्द अगदी सारखाच दिसतो.

उत्तर २ लिहिणारीकडून

त्या नोंदींचे बाइट छापून पाहा. ‘ऱ’ऐवजी साधा ‘र’, त्यानंतर हलन्त, आणि त्यानंतर २२६, १२८, १४१ हे तीन बाइट दिसतील. हे तीन बाइट म्हणजे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. चंद्रकोरीसारखा अर्धा र लिहिण्याची ही दुसरी पद्धत आहे आणि काही कळफलक व टंकलेखन-साधने तीच वापरतात. युनिकोडच्या दृष्टीने ती ‘ऱ’ आणि हलन्त यांच्याशी समतुल्य नाही, म्हणून एनएफसी तिला हात लावत नाही. शोधासाठी मजकुराची जी प्रत तुम्ही तयार करता, तिच्यात ‘र’, हलन्त आणि जॉइनर हा क्रम आढळला की त्याच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवा. शोधशब्दावरही हाच बदल करा. ग्रंथपालांनी टंकलेली मूळ ओळ मात्र जशी आहे तशीच राहू द्या, आणि उरलेले सर्व जॉइनर सरसकट काढू नका, कारण इतर जोडाक्षरांत लिहिणाऱ्याने ते हेतुपूर्वक घातलेले असू शकतात. हा नियम मराठीचा आहे, ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही, तेव्हा त्याची जागा त्या चार फंक्शनांच्या थरात नसून प्रोग्रॅमच्या सामाईक भागात आहे.